‘युरोपचा वेताळ’: एका पत्रकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं फिल्म मंडळ तालुक्याच्या गावातलं. वर्गणीदार साठेक, त्यातले नेमाने येणारे पंचवीस-तीस. महिन्यातल्या एका शनिवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पडदा टांगायचा, सिनेमा दाखवायचा आणि नंतर चहासोबत चर्चा करायची, असा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. गावाचं आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. बाकी घडलं तसं लिहितो आहे, कारण यातली मुख्य चूक माझीच होती.

त्या वर्षी मूकपटांची मालिका चालू होती आणि चौथा सिनेमा ठरला ‘नोस्फेरातू’. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा १९२२ चा जर्मन भयपट. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून, पण परवानगी न घेता काढलेला. म्हणून ड्रॅक्युलाचा झाला काउंट ऑर्लॉक, लंडनच्या जागी आलं विसबोर्ग नावाचं काल्पनिक जर्मन बंदर आणि काळ नेला १८३८ मध्ये. ऑर्लॉक झाले मॅक्स श्रेक: टक्कल, उंदरासारखे पुढचे दोन दात, लांबच लांब नखं. सिनेमा काढणाऱ्या कंपनीचं नाव ‘प्राना’, म्हणजे आपला प्राण. कंपनीचे एक संस्थापक आणि सिनेमाची सगळी दृश्यरचना करणारे आल्बिन ग्राऊ गूढविद्येच्या नादातले होते, त्यामुळे संस्कृत नाव. या प्राणाने एकच सिनेमा पुरा केला आणि दिवाळं काढलं.

प्रत्येक सिनेमाआधी आम्ही एक पानी पत्रक छापतो आणि ते लिहायचं काम माझ्याकडे असतं. या खेपेला विषय ठरला, ‘सिनेमामागची लोककथा’. मी एका संध्याकाळी इकडचं तिकडचं वाचून मजकूर तयार केला आणि छापखान्यात दिला. मथळा होता ‘युरोपचा वेताळ’, आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता. खाली मुख्य विधानं दोन: ‘नोस्फेरातू’ हा ‘न मेलेला’ या अर्थाचा प्राचीन रुमानियन शब्द आहे, आणि उन्हाचा स्पर्श झाला की रक्तपिशाच्च भस्म होतं, ही तिकडच्या खेड्यापाड्यांतली हजार वर्षांची समजूत आहे. प्रती २००.

तोवर मी सिनेमा सलग पाहिलेला नव्हता. कॉलेजात असताना कधीतरी तुकड्या-तुकड्यांत पाहिला होता, त्या भरवशावर लिहिलं.

अडचण

खेळाच्या आठ दिवस आधी आम्ही कार्यकर्ते चालवून बघतो: आवाज, पडदा, वायर. इंटरनेटवरून फुकटात उतरवलेली प्रत लावली. अकरा जण होतो. पत्रकं ताजीच आली होती, प्रत्येकाच्या हातात एक.

पहिला धक्का पाट्यांचा, म्हणजे मूकपटात मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या मजकुराचा. पत्रकात ‘काउंट ऑर्लॉक’, पडद्यावर ‘काउंट ड्रॅक्युला’. पत्रकात विसबोर्ग, पडद्यावर ब्रेमेन. आमची प्रत अमेरिकी वळणाची होती आणि तिकडच्या पाट्यांत कादंबरीतली नावं परत घातलेली असतात, हे नंतर कळलं. तेव्हा मी म्हटलं, चालायचंच.

मग ते दृश्य आलं. ऑर्लॉक जहाजातून उतरतो आणि स्वतःची शवपेटी काखेत मारून गावातून चालत जातो. आमच्या प्रतीत लख्ख ऊन पडलेलं. भिंतींवर उजेड. आणि हा गृहस्थ बाजाराला निघाल्यासारखा तुरुतुरु चाललेला. दहावीतली एक मुलगी आईबरोबर आली होती. तिने पत्रक प्रोजेक्टरच्या उजेडात धरून वाचलं आणि विचारलं, “काका, हा उन्हात जळतो ना? मग हा फिरतोय कसा?”

हॉलमध्ये हशा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमाच्या शेवटी तोच ऑर्लॉक खिडकीतून आलेल्या पहाटेच्या उजेडात विरून धूर होतो, तेव्हा मुलीने माझ्याकडे पाहिलं फक्त.

दिवे लागल्यावर दुसरी तक्रार आली, ती जास्त गंभीर. आमची ध्वनियंत्रणा सांभाळणारे काका मूळचे पेडण्याकडचे. ते पत्रक घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, “हे वाटणार तुम्ही? वेताळ आमचा देव आहे. गाऱ्हाणं घालतो आम्ही त्याच्यापुढे. तो रक्त पितो म्हणून छापलंत?” मग थोडं थांबून, “कोंबडा देतात काही ठिकाणी, ते निराळं.”

त्यांचं खरं होतं. गोव्यात आणि तळकोकणात वेताळ हा ग्रामदेव आहे, राखणदार आहे. सासष्टीतल्या बेताळभाटी गावाचं नावच त्याच्यावरून पडलं. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. त्याला केळ्यांचा घडही चढवतात. याला मी आजच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियाच्या रक्तपिशाच्चाचा भाऊबंद करून टाकलं होतं, निव्वळ मथळा खटकेबाज व्हावा म्हणून.

समोरचे पर्याय

त्याच रात्री चहावर बैठक बसली. चार सूचना आल्या.

पहिली, पत्रकच रद्द करा. सोपं होतं, पण मालिकेत पत्रकाची लोकांना सवय झालेली. दुसरी, पत्रकं आहेत तशी वाटा आणि सुरुवातीला तोंडी दुरुस्ती सांगा. खजिनदारांची ही सूचना, कारण छपाईचे पैसे गेले होते. पण लोक पत्रक घरी नेतात, भाषण हॉलमध्येच राहतं. तिसरी, आत एक शुद्धिपत्र घाला. चौथी, नवीन पत्रक आणि नवीन प्रत.

एक पाचवी सूचनाही होती आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वेळ गेला: सिनेमाच बदला. एका सदस्याचं म्हणणं, उन्हातलं दृश्य बघून लोक हसणार, मग भयपट कशाला? मला तेव्हा वाटलं की आपण इतक्या वर्षांच्या प्रेक्षकांवर अविश्वास दाखवतोय. आता वाटतं, त्यांची भीती बरोबर होती, कारण मात्र वेगळं होतं. दोष सिनेमात नव्हता, आमच्या प्रतीत होता. आणि ती प्रत तशी का होती हे शोधायला लागलो तेव्हा पत्रकातली दुसरी चूकही उलगडली.

तपास

मुर्नाऊंनी रात्रीची दृश्यंसुद्धा दिवसाच चित्रित केली होती. मग प्रतीवर त्या तुकड्यांना रंग चढवायचा: रात्रीला निळा, दिव्याच्या खोलीला पिवळसर, पहाटेला गुलाबी. १९२२ च्या प्रेक्षकाला निळं दिसलं की रात्र आहे हे सांगावं लागत नव्हतं. पुढे काळ्या-पांढऱ्यात नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, रंग गेले आणि रात्रीचा दिवस झाला.

नकलांच्या नकला का, याचं उत्तर कोर्टात आहे. स्टोकर १९१२ मध्ये वारले. दहा वर्षांनी त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांच्या हाती बर्लिनमधल्या पहिल्या खेळाची पत्रिका पडली, कोणी पाठवली ते नाव न कळवता. तिच्यावर सिनेमा ‘ड्रॅक्युला’वरून घेतल्याचं छापलेलंच होतं. त्यांनी लेखकांच्या संघटनेमार्फत दावा लावला. कंपनी बुडालेली, पैसे मिळण्यासारखे नव्हते. १९२५ मध्ये निगेटिव्ह आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. परदेशी गेलेल्या प्रती तेवढ्या वाचल्या. म्हणजे आमच्या हॉलमध्ये जे चाललं होतं ते एका फाशी झालेल्या सिनेमाचं भूत होतं, आणि तेही फिकट पडलेलं. (हे वाक्य मला नव्या पत्रकात घालायचं होतं. समितीने काढलं. बरं केलं.)

आता ऊन. कादंबरी आमच्या वाचनालयात होती, ती या वेळी मी खरोखर वाचली. ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनच्या पिकॅडिलीत उभा दिसतो. दिवसा त्याची रूप बदलण्याची वगैरे ताकद बंद पडते एवढंच, जळत नाही. शेवटी तो मरतो हत्यारांनी: एकाचा सुरा काळजात आणि दुसऱ्याची चक्क गुरख्यांची कुकरी गळ्यावर.

मग त्याही मागे, खेड्यात गेलो. रक्तपिशाच्चांच्या गोष्टी पश्चिम युरोपात पोचल्या त्या सरकारी कागदांतून. १७१८ नंतर सर्बियाचा मोठा भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तिथल्या अधिकाऱ्यांना गावकऱ्यांच्या अर्जांची दखल घ्यावी लागली. १७२५ मध्ये किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच हा शेतकरी मेला आणि पुढच्या आठ दिवसांत नऊ माणसं गेली. मरताना ती म्हणत, पेतार येऊन अंगावर पडला आणि त्याने गळा दाबला. कबर उकरली तर प्रेत ताजं, तोंडाशी रक्त. गावकऱ्यांनी खुंटा ठोकून जाळलं आणि हजर असलेल्या अधिकाऱ्याने अहवाल पाठवला. १७३२ मध्ये मेद्वेजा गावी लष्करी वैद्य फ्ल्यूकिंगर यांनी अशीच रीतसर तपासणी केली. तो अहवाल युरोपभर गाजला. अखेर १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेझा यांनी आपले वैद्य फान स्वीटेन यांच्या सल्ल्याने कबरी उकरण्यावर बंदी घातली. थंडीत पुरलेलं प्रेत लवकर कुजत नाही, पोटात वायू धरून ते फुगतं, त्या दाबाने काळपट रक्त तोंडाशी येतं. बघणाऱ्याला वाटतं, नुकतंच जेवलंय.

या कागदांतलं पिशाच्च कसं आहे? फुगलेलं, लालबुंद, शेजारच्या आळीतलं. सुळे नाहीत, गढी नाही, काळा झगा तर नाहीच. सरदारी थाट त्याला १८१९ मध्ये जॉन पोलिडोरी यांच्या कथेने दिला. आणि उन्हात जळणं यांत कुठेच नाही. ते ‘नोस्फेरातू’ने आणलं.

पण इथे एक गंमत आहे, आणि ती मला दहावीतल्या मुलीमुळेच दिसली. सिनेमाच्या शेवटी आधी कोंबडा आरवतो. ऑर्लॉक दचकतो, मग ऊन येतं. सिनेमातल्या जुन्या पोथीतही असंच आहे: निष्पाप स्त्रीने त्याला पहिल्या कोंबड्याचं आरवणं विसरायला लावलं तरच त्याचा नाश. कोंबडा आरवला की भुतंखेतं परततात, ही समजूत खरोखर जुनी. युरोपात आहे, आणि आपल्याकडे ती कुणाला सांगायला नको. म्हणजे सिनेमाने लोककथेतला कोंबडा घेतला, आणि ‘पळून जातो’च्या जागी ‘जळून जातो’ केलं. पुढच्या शंभर वर्षांत हजारोंनी ते इतकं गिरवलं की माझ्यासारख्याने त्याला हजार वर्षांची परंपरा म्हणून छापलं.

शब्दाचंही तेच. ‘नोस्फेरातू’ हा शब्द स्टोकरने घेतला एमिली जेरार्ड यांच्याकडून. त्यांचे पती ऑस्ट्रियन सैन्यात, बदली ट्रान्सिल्व्हेनियात. १८८५ मध्ये त्यांनी तिथल्या समजुतींवर लेख लिहिला, त्यात हा शब्द आहे. १८६५ च्या एका जर्मन लेखनातही तो आढळतो. रुमानियन भाषेत मात्र असा शब्द सापडत नाही. बहुधा ‘नेसुफेरित’, म्हणजे असह्य, किंवा ‘नेकुरात’, म्हणजे अशुद्ध, यांपैकी एखादा कानाने चुकीचा टिपला गेला असावा. तिकडची माणसं म्हणतात ‘स्त्रिगोय’. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियाला कधी गेलेच नाहीत.

ग्राऊ यांनी मात्र १९२१ मध्ये लिहिलं होतं की महायुद्धात, १९१६ च्या हिवाळ्यात, एका सर्बियन शेतकऱ्याने आपला बाप पिशाच्च झाल्याची हकीकत त्यांना सांगितली. हे सिनेमाच्या जाहिरातीच्या दिवसांतलं लेखन. मी ते पत्रकात ‘असं ग्राऊ सांगत’ एवढ्यावरच ठेवलं.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. खजिनदार नाखूश होते.

प्रतीसाठी जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानने २००५-०६ मध्ये सावरलेली आवृत्ती डिस्कवर विकत आणली. फ्रान्समध्ये जपलेल्या १९२२ च्या रंगीत प्रतीवरून तिचे रंग परत चढवले आहेत, आणि हान्स एर्डमान यांचं मूळ संगीत उरलेल्या तुकड्यांवरून पुन्हा उभं केलंय. आपल्या कायद्यात सिनेमावरचा हक्क ६० वर्षांत संपतो, पण संगीताच्या नव्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क अजून चालू आहे, म्हणून वितरकाला पत्र लिहून विचारलं. उत्तर खेळाच्या आदल्या दिवशी आलं. तोवर पेटी आणि तबल्याची पर्यायी तयारी ठेवली होती. ती वापरावी लागली नाही याचा पेटीवाल्यांना राग आहे.

आधीची प्रत तासाभरात संपली होती, ही दीड तास चालली. तिकडे सगळीच माणसं तुरुतुरु पळत होती. इथे कळलं की फक्त ऑर्लॉकची बग्गी जोरात पळते, ती मुद्दाम. आणि जंगल निगेटिव्हमध्ये उलटं दाखवलंय, पांढरी झाडं, काळं आभाळ, तेही मुद्दाम. बिघाड कुठला आणि करामत कुठली, हे आधीच्या प्रतीत ओळखूच येत नव्हतं.

पत्रकाचा मथळा झाला ‘ऑर्लॉक कुठून आला?’ खाली ऊन, कोंबडा, सावली, दात यांच्या ओळी आणि समोर खेड्यात, कादंबरीत, सिनेमात काय आहे ते. सावलीची ओळ मला आवडते. कादंबरीतल्या ड्रॅक्युलाला सावलीच पडत नाही, आणि या सिनेमातलं सर्वांत गाजलेलं दृश्य म्हणजे जिन्याच्या भिंतीवरून चढत जाणारी ऑर्लॉकची सावली.

‘वेताळ’ शब्द पूर्ण काढायचा की त्याबद्दल लिहायचं, यावर दोन मतं होती. काढून टाकणं सुरक्षित होतं. पण ही गफलत माझ्या एकट्याची नाही. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचा व्हॅम्पायर केला, आणि तो शीर्षकात बसवला. स्टोकर आणि बर्टन एकमेकांना भेटले होते. हसताना बर्टन यांचा वरचा ओठ उचलला जाई आणि सुळा चमके, याचं वर्णन स्टोकर यांनी आठवणींत केलंय. कथासरित्सागरातला वेताळ प्रेतात शिरतो, पण त्याचं काम कोडी घालायचं. आम्ही हा परिच्छेद लिहिला आणि छापायच्या आधी ध्वनियंत्रणावाल्या काकांना दाखवला. त्यांनी आरवलीच्या चपलांचं वाक्य घालायला लावलं.

इतिहासाच्या एका बाईंनी वेगळाच मुद्दा काढला होता. पूर्वेकडून आलेला, वाकड्या नाकाचा, उंदीर आणि रोगराई घेऊन येणारा परका: त्या काळातल्या जर्मनीत ज्यूंची व्यंगचित्रं अशीच काढत. अनेक अभ्यासकांनी ऑर्लॉककडे असं पाहिलंय. दुसरीकडे पटकथाकार हेन्रिक गालेन आणि ऑर्लॉकचा हस्तक झालेले अलेक्झांडर ग्रानाख हे स्वतः ज्यू होते. दोन ओळींत लिहिलं. दोन ओळी कमीच पडल्या.

निष्पन्न

खेळाला ७० च्या वर माणसं आली. शवपेटीच्या दृश्याला लोक या खेपेलाही हसले. रात्र निळीशार होती, ऊन नव्हतं, तरी हसले, कारण काखेत स्वतःची पेटी घेऊन घर शोधणारा माणूस हसू आणणाराच आहे. नंतर त्याने भिंतीआडून मान वळवली तेव्हा हॉल गप्प झाला.

चर्चा मात्र आम्ही योजली तिकडे गेलीच नाही. प्लेगच्या दृश्यांत दारांवर खडूने फुल्या मारतात आणि अरुंद रस्त्यातून पेट्यांची रांग जाते. एक आजी म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई सांगत, उंदीर पडायला लागले की दुसऱ्या दिवशी गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या. मग आणखी दोघा-तिघांच्या घरांतल्या हकीकती निघाल्या. कादंबरीत प्लेग नाही, तो सिनेमाने घातला. पण ती ज्या मे १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली, त्याच सुमारास पुण्यात प्लेगचे सोजीर घरं तपासत होते. ही सनावळ मला त्याच वेळी आठवली, पत्रक लिहिताना नाही.

ज्यू चित्रणाबद्दल कुणीच विचारलं नाही. बाईंना ते लागलं.

वेगळं काय करता आलं असतं

पत्रक लिहिण्याआधी प्रत पाहायला हवी होती, आणि तीच प्रत, जी दाखवणार होतो ती. हे इतकं उघड आहे की लिहिताना लाज वाटते.

चालवून बघण्याचा खेळ आठ दिवस आधी ठेवला म्हणून निभावलं. छापखान्याआधी ठेवला असता तर २०० प्रतींचे पैसे वाचले असते. आता क्रम उलटा केलाय.

‘अशी तिकडे समजूत आहे’ असं वाक्य आलं की मी आता कुठल्या गावी, कोणत्या साली, कुणी टिपली, हे तीन प्रश्न विचारतो. उत्तर नसेल तर वाक्य ‘सिनेमात असं दाखवलंय’ असं होतं. त्याने मजा कमी होत नाही. उलट एका माणसाच्या डोक्यातून निघालेली कल्पना शंभर वर्षांत लोककथा होऊन बसते, ही गोष्ट मला जास्त भुताटकीची वाटते.

मराठी प्रतिशब्दाचा प्रश्न सुटलेला नाही. ‘रक्तपिशाच्च’ चालतो, पण आपल्याकडच्या मुंजा, खवीस, हडळ, समंध यांच्या रांगेत तो बाहेरचाच दिसतो. मला हल्ली ‘व्हॅम्पायर’च बरा वाटतो.

ज्यू चित्रणाचा मुद्दा पत्रकात दोन ओळींत उरकण्यापेक्षा बाईंनाच सुरुवातीला दहा मिनिटं द्यायला हवी होती. तसं सुचवलं होतं त्यांनी. सिनेमाआधी भाषण नको, या आमच्या जुन्या नियमावर आम्ही अडलो.

उरलेल्या जुन्या पत्रकांची कोरी बाजू वाचनालयाने चिठ्ठ्यांसाठी कापून घेतली. परवा एका वाचकाला पुस्तकात खुणेची चिठ्ठी सापडली, मागे अर्धा मथळा. तो काउंटरवर विचारत होता, “हा ‘युरोपचा वे’ कार्यक्रम कधी आहे?”